*पेट्रोल पण शिळं होतं : फवारणी पंप, ब्रशकटर आणि पॉवर विडर वापरणाऱ्यांसाठी पाठ*



आजचा पाठ थोडा मोठा आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर मेसेजला स्टार करून ठेवा, पण हंगामाच्या आधी पूर्ण वाचा. घरात यंत्र दुसरं कोणी चालवत असेल तर त्यालाही पाठवा.

पावसाळ्यात चार दिवसांनी उघडीप मिळते. पानं सुकलेली, वारा कमी, औषध आणून ठेवलेलं. अशा वेळी पंपाची दोरी ओढून ओढून हात दुखतो आणि इंजिन काही चालू होत नाही. मिस्त्रीकडे नेईपर्यंत दुपार होते आणि संध्याकाळी परत आभाळ भरून येतं. करपा, डाऊनी किंवा अळी तुमच्या इंजिनसाठी थांबत नाही. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो, कंपनीला दिला जातो, पण बऱ्याचदा खरा दोष टाकीत मागच्या हंगामापासून पडून असलेल्या पेट्रोलचा असतो.

*१) पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नाही*

पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले काही घटक इतके हलके असतात की ३५ अंश तापमानाच्या आसपासच त्यांची वाफ होऊ लागते. जड घटकांना २०० अंशांच्या आसपास उष्णता लागते.

हे लक्षात ठेवायचं कारण असं की इंजिनमध्ये पातळ पेट्रोल जळत नाही, त्याची *वाफ* जळते. थंड इंजिन चालू करताना वाफ लवकर देणारे हलके घटकच कामाला येतात. आणि पडून राहिलेल्या पेट्रोलमधून सगळ्यात आधी तेच उडून जातात.

*२) पेट्रोल शिळं होतं म्हणजे नेमकं काय होतं?*

तीन गोष्टी होतात. तिन्ही एकाच वेळी चालू असतात.

*अ) हलका भाग उडतो.* टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पेट्रोल तापतं आणि हलका भाग त्या छिद्रातून निघून जातो. टाकीत पेट्रोल दिसतं, पण पेट घेणारा भाग कमी झालेला असतो. म्हणून दहा वेळा दोरी ओढावी लागते. एकदा इंजिन गरम झालं की ते चालतंही, त्यामुळे आपल्याला वाटतं पेट्रोल चांगलं आहे.

*आ) पेट्रोल खवट होतं.* जुनं खोबरं, शेंगदाणे किंवा जवस खवट होतात, कारण त्यातल्या तेलाला हवा लागते. पेट्रोलचंही तसंच आहे. हवेतला ऑक्सिजन, उष्णता आणि उजेड यांमुळे त्यातले काही घटक बदलतात आणि डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. तो पुढे वाळून वार्निशसारखा कडक थर होतो. हे लांबवण्यासाठी रिफायनरीत पेट्रोलमध्ये रसायन घातलेलं असतं, पण तेही हळूहळू संपतं.

हा थर सगळ्यात आधी बसतो तो कार्ब्युरेटरमध्ये. तिथल्या जेटचं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं. इंजिन बंद राहिलं की कार्ब्युरेटरच्या वाटीत जे चमचाभर पेट्रोल उरतं, ते टाकीतल्या पेट्रोलपेक्षा लवकर आटतं आणि डिंक तिथेच मागे राहतो.

*इ) पेट्रोलमध्ये पाणी शिरतं.* हे पुढच्या भागात सविस्तर पाहू, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

*३) इथेनॉल आणि पाणी*

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२२ मध्ये देशात १० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं गेलं. २० टक्क्यांचं, म्हणजे ई-२० पेट्रोल २०२३ पासून काही पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत बहुतेक ठिकाणी तेच मिळू लागलं. हे इथेनॉल ऊस, मका आणि इतर धान्यापासून बनतं. म्हणजे ते आपल्याच शेतातून निघालेलं आहे, त्याला शत्रू समजायचं कारण नाही. पण त्याचा स्वभाव माहीत पाहिजे.

इथेनॉलचा स्वभाव म्हणजे ते पाणी ओढून घेतं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी मिसळून जातं आणि दिसतही नाही. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला लिटरमागे साधारण ५ मिली पाणी झेपतं. २० टक्क्यांच्या पेट्रोलला त्याहून जास्त झेपतं. पण मर्यादा दोन्हीला आहे, आणि पेट्रोल थंड झालं की ती आणखी खाली येते. दुपारी स्वच्छ दिसणारं पेट्रोल थंडीच्या पहाटे फाटू शकतं ते यामुळेच.

"फाटणं" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडतं, पाण्याला धरतं आणि दोघे मिळून तळाला बसतात. वर पेट्रोल, खाली इथेनॉल-पाणी, असे दोन थर होतात. नासलेलं दूध जसं परत जुळत नाही, तसं हे पेट्रोल हलवून नीट होत नाही.

आता बघा, इंजिनला पेट्रोल टाकीच्या *तळातूनच* जातं. म्हणजे आधी जातं ते खालचं पाणी.

⚠️ *टू-स्ट्रोक यंत्र असेल तर हे दोनदा वाचा.* ब्रशकटर आणि टू-स्ट्रोक फवारणी पंपाला वेगळं इंजिन ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देतं. हे ऑइल पेट्रोलमध्ये विरघळतं, इथेनॉल-पाण्याच्या थरात नाही. पेट्रोल फाटलं की ऑइल वरच्या थरात राहतं आणि इंजिनला खालचा, बिनऑइलचा थर जातो. इंजिन चालू झालं तरी ते कोरडं फिरतं. पिस्टनवर चरे पडतात आणि शेवटी पिस्टन जाम होतो. लिटरभर पेट्रोल वाचवायला गेलं आणि पिस्टन-सिलिंडर बदलायची वेळ आली, असं होतं ते असं.

*४) हे पाणी येतं कुठून?*

हवेतल्या दमटपणामुळे थोडं येतं. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते आणि हवा बाहेर सोडते, रात्री थंड होते आणि पावसाळी ओली हवा आत घेते. पण हे हळूहळू होतं. जास्त पाणी आपल्या हातानेच जातं :

• औषध मोजायचं मापटं किंवा पाण्याचा नरसाळा तसाच ओला पेट्रोलला वापरणं
• धुतलेला कॅन पूर्ण न वाळवता भरणं
• फवारणी करताना टाकीचं झाकण सैल राहणं
• पंप धुताना पाण्याचा फवारा थेट टाकीच्या झाकणावर मारणं
• यंत्र बांधावर उघड्यावर पावसात ठेवणं

पेट्रोलसाठी नरसाळा आणि मापटं *वेगळं* ठेवा, त्याला लाल रंग लावा, आणि ते दुसऱ्या कशालाही वापरू नका. आजच्या पाठातली ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

*५) किती दिवस टिकतं?*

बऱ्याच छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत *३० दिवसांपेक्षा* जुनं पेट्रोल वापरू नका असं लिहिलेलं असतं. आपणही तोच हिशोब धरू. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, सावलीत आणि कॅन जवळपास भरलेला असेल तर ते याहून जास्त टिकतं. तापलेल्या शेडमध्ये अर्ध्या टाकीत ठेवलं तर महिनाभरातही बिघडू शकतं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल तर साठवूच नका, लागेल तेवढंच मिसळा.

पेट्रोल टिकवणारं औषध (स्टॅबिलायझर) बाजारात मिळतं. ते *ताज्या* पेट्रोलमध्ये घातलं तरच उपयोग होतो. शिळं पेट्रोल त्याने ताजं होत नाही.

*६) ओळखायचं कसं?*

पारदर्शक काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढा. हे काम उघड्यावर करा. बिडी, चूल, मोटारीचा स्टार्टर, काहीही जवळ नको. बरणी अर्धा तास स्थिर ठेवा आणि बघा :

• तळाला वेगळा थर किंवा पाण्यासारखे थेंब दिसतात → फाटलं आहे, वापरू नका
• रंग ताज्या पेट्रोलपेक्षा गडद, तपकिरी → जुनं आहे (टू-टी ऑइलचा रंग वेगळा, तो धरू नका)
• बरणी जवळ आणताच आंबूस किंवा वार्निशसारखा वास येतो → खवट झालं आहे. नाक लावून हुंगू नका, वाफ छातीत जाते
• गढूळ, धुरकट दिसतं → पाणी शिरलं आहे

एक गैरसमज इथेच दूर करू. काही जण पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवतात आणि खालचा पाण्याचा थर वाढलेला दिसला की "पंपवाल्याने पाणी मिसळलं" म्हणतात. आपण घातलेल्या पाण्याने पेट्रोलमधलं इथेनॉल ओढून घेतलं म्हणून तो थर वाढतो. ई-२० पेट्रोलमध्ये तसं होणारच. त्यावरून भेसळ सिद्ध होत नाही.

*७) इंजिन काय सांगतंय?*

🔧 *दोरी ओढली, चालू होत नाही, प्लग कोरडा* → पेट्रोल पोचतच नाही. कॉक, फिल्टर किंवा जेट तुंबला आहे.

🔧 *चालू होत नाही, प्लग ओला* → पेट्रोल पोचतंय पण पेट घेत नाही. पेट्रोल शिळं आहे किंवा ठिणगी कमजोर आहे.

🔧 *चोकवर चालतं, चोक काढला की बंद* → बारीक जेट तुंबला आहे, पेट्रोल कमी पडतंय.

🔧 *मोकळं चालतं, लोड आला की दम सोडतं* → मोठा जेट किंवा फिल्टर अर्धवट तुंबला आहे.

🔧 *रेस आपोआप वर-खाली होते* → हवा जास्त, पेट्रोल कमी. बहुतेक वेळा जेटच.

🔧 *कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळतं* → आतली सुई डिंकामुळे अडकली आहे.

चौथं लक्षण फवारणीत फार महाग पडतं. इंजिनचा वेग पडला की पंपाचा दाब पडतो. दाब पडला की थेंब मोठे होतात आणि पानाच्या मागच्या बाजूला, झाडाच्या आतल्या भागात औषध पोचत नाही. टाकी रिकामी होते, मजुरी जाते, पण रोग तसाच राहतो. मग आपण म्हणतो औषधात दम नव्हता. औषध बदलायच्या आधी पंपाचा दाब बघा.

*८) चालू होत नसेल तर या क्रमाने करा*

१. दोरी ओढत बसू नका. टाकी पूर्ण रिकामी करा.
२. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका.
३. ताजं पेट्रोल घाला, टू-स्ट्रोक असेल तर योग्य ऑइल मिसळून.
४. प्लग काढून पुसा, वाळवा, परत लावा.
५. पेट्रोलचा आणि हवेचा फिल्टर बघा.
६. आता चालू करून बघा. नाही झालं तर जेट साफ करावा लागेल.

*जेटमध्ये तार किंवा सुई घालू नका.* छिद्र जरासं जरी मोठं झालं तरी पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब, एवढंच वापरा. छोट्या टू-स्ट्रोक यंत्रांत वाटीऐवजी रबरी पडदा असतो. तो कडक झाला असेल तर साफ करून उपयोग नाही, बदलावा लागतो.

आणि टू-स्ट्रोक यंत्र *अर्ध्या चोकवर रेटून काम उरकू नका.* जेट तुंबल्यावर पेट्रोल कमी जातं, त्याच्याबरोबर ऑइलही कमी जातं. इंजिन तापतं. तासाभराचं काम होईल, पण पिस्टनचं आयुष्य जाईल.

*९) ऑइलचं प्रमाण*

यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं प्रमाणच वापरा. एक लिटर पेट्रोलला :

• ५०:१ असेल तर २० मिली
• ४०:१ असेल तर २५ मिली
• २५:१ असेल तर ४० मिली

अंदाजे "एक झाकण" ओतू नका. आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि नीट हलवा. टाकीत ओततानाही प्रत्येक वेळी कॅन हलवा. कॅनवर प्रमाण आणि *तारीख* लिहा.

पुस्तिका बघताना किती टक्के इथेनॉल चालतं तेही बघा. काही यंत्रांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच लिहिलेलं असतं. अशा जुन्या यंत्राची पेट्रोलची नळी आणि रबरी भाग दर हंगामाला तपासा. नळी फुगलेली, मऊ पडलेली किंवा तडकलेली दिसली की लगेच बदला. गळती म्हणजे आगीला आमंत्रण.

*१०) साठवण*

• पंधरा दिवसांत संपेल एवढंच आणा. यंत्र तासाला किती पितं ते एकदा मोजून ठेवा. समजा पाऊण लिटर लागतं आणि पंधरा दिवसांत आठ तास काम आहे, तर सहा लिटर पुरे.
• धातूचा किंवा इंधनासाठीच बनवलेला प्लॅस्टिकचा कॅन वापरा. काठोकाठ भरू नका, फुगायला थोडी जागा सोडा.
• *पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका.* लहान मूल किंवा तहानलेला मजूर ते तोंडाला लावू शकतो. चुकून कोणी प्यायलं तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या.
• कॅन घराबाहेर, सावलीत, चूल आणि स्टार्टरपासून लांब ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. खतं आणि औषधांच्या खोलीतही ठेवू नका.
• कॅन भरताना गाडीवर ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा.
• कायद्याने स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं. त्याहून जास्त साठा करू नका.

*११) काम संपल्यावर : एक मिनिट रोज, अर्धा तास हंगामाला*

*रोज (कॉक असलेली यंत्रं, पॉवर विडर वगैरे) :* काम झालं की इंजिन बटणाने बंद करू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. वाटीतलं पेट्रोल जळून जातं, डिंक व्हायला काही उरत नाही.

*हंगाम संपल्यावर (महिनाभर तरी यंत्र लागणार नसेल तर) :*
१. टाकी रिकामी करा.
२. इंजिन चालू करून उरलेलं पेट्रोल संपवा. टू-स्ट्रोकला मंद रेसवरच.
३. वाटीचा स्क्रू उघडून थेंबही काढा.
४. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा, छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी हळू दोन-तीन वेळा ओढा, प्लग परत लावा.
५. यंत्र पुसून कोरड्या जागी ठेवा.

अवजार बँकेतून यंत्र नेणाऱ्यांनीही परत देताना टाकी रिकामी करूनच द्यावं. तुमच्यानंतर नेणाऱ्याची उघडीप वाया जाऊ नये.

*१२) तुम्ही विचारता ते प्रश्न*

*"जुन्या पेट्रोलमध्ये नवीन घातलं तर चालतं का?"*
दीड-दोन महिन्यांचं असेल, थर नाही, वास नाही, रंग ठीक, तर एक भाग जुनं आणि चार-पाच भाग ताजं असं *फोर-स्ट्रोक* यंत्रात संपवता येईल. टू-स्ट्रोकमध्ये नको. वास किंवा थर असेल तर कशातच नको.

*"थोडं रॉकेल मिसळलं तर?"*
नको. रॉकेल जड असतं. हलका भाग आधीच उडालेला, त्यात आणखी जड भाग घातला की चालू व्हायला त्रास वाढतो आणि काजळी धरते.

*"ई-२० मुळे पेट्रोल जास्त लागतं का?"*
थोडं लागतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्या हिशोबाने ई-२० मध्ये साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी असते. याहून जास्त फरक पडत असेल तर कार्ब्युरेटर आणि फिल्टर बघा.

*"खराब पेट्रोलचं काय करू?"*
जमिनीत, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. पाचट किंवा कचरा पेटवायला तर अजिबात नाही, वाफ एकदम भडकते आणि माणूस भाजतो. बंद कॅनमध्ये "खराब" लिहून ठेवा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला ते घेतात का विचारा.

✅ *आज संध्याकाळी एवढंच करा*

☑️ घरातल्या प्रत्येक पेट्रोल यंत्राची टाकी उघडून बघा, पेट्रोल कधीचं आहे ते आठवा
☑️ तारीख आठवत नसेल तर ते जुनंच समजा आणि काढून टाका
☑️ कॅनवर आजची तारीख लिहा
☑️ पेट्रोलचा नरसाळा वेगळा करा
☑️ पुढच्या फवारणीच्या *दोन दिवस आधी* पंप पाच मिनिटं चालवून बघा. बिघाड निघालाच तर दुरुस्तीला वेळ मिळेल

यंत्राचा फोटो आणि वर दिलेल्या लक्षणांपैकी कोणतं दिसतंय ते याच नंबरवर पाठवा. यंत्र टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक आणि पेट्रोल किती दिवसांचं आहे, हे लिहायला विसरू नका. त्याशिवाय नेमकं उत्तर देता येत नाही.

पुढच्या पाठात : फवारणी पंपाचा दाब आणि नोझल घरच्या घरी कसे तपासायचे.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱